दापोली, ता. ११ (वार्ताहर)

हवामान केंद्रातला पवार
पहाटे साडेसहाला फोन करतो :
"सात पॉइंट आठ. लिहून घ्या."
आणि ठेवून देतो.
बोटं आखडली असणार.

मी लिहून घेतो. झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धंच वर,
मशीन आज तापायला वेळ लावतंय.
काचेवर पंजा ठेवला की खालून हिरवा उजेड सरकत जातो,
तेवढीच ऊब.
पेपर मला सेंटिमीटरवर पैसे देतो.
थंडीचे चार. फोटो असला तर सहा.

पण फोटोत थंडी येत नाही,
कानटोप्या येतात.
स्टँडवर मंडणगडच्या गाडीला थांबलेले सगळे
एकाच घरचे वाटतात,
प्रत्येकाच्या खांद्याला ट्रंकेतल्या डांबरगोळीचा वास.
वर्षाकाठी पंधरा दिवस घालायचे स्वेटर, फाटणार कधी?
जयवंत मिसाळच्या अंगात तर त्याच्या लग्नातला आहे.
बटणं लागत नाहीत, एवढंच.

नगरपंचायतीने कळवलं होतं : पाणी सातऐवजी आठला.
बायका सातलाच नळावर.
कारण नोटीस फळ्यावर होती,
फळा ऑफिसच्या आत होता,
आणि ऑफिस उघडतं दहाला.
हंडे रांगेत लावून त्यांनी झावळ्या पेटवल्या.
हसीना रखांगे घरून चहाची किटली घेऊन आली.
इंदू बुरोंडकर म्हणाली,
"आलं घातलंस, की तुझं बोलणंच ढवळलंस त्यात?"
त्यावर असं काही हसणं झालं
की पाणी आलं ते
पहिल्या हंड्यावरून वाहून गटारात गेलं
तेव्हा कुठे कळलं.
'पाण्यासाठी महिलांचा संताप' :
सहा सेंटिमीटर सहज झाले असते.
नाही पाठवली.

'आंब्याच्या मोहोराला पोषक थंडी'
ही ओळ मी दर जानेवारीत लिहितो.
मागच्या वर्षीची काढून तारीख बदलली तरी चालतं.
यंदा म्हटलं, निदान एकदा बागेत जाऊन यावं.
गिम्हवण्याच्या वरच्या अंगाला नरबहादूर राखणदार
बनियनवर कलमांना पाणी घालत होता.
माझ्या मफलरीकडे बघून म्हणाला,
"ही थंडी नाय साहेब. ही थंडीची पोरगी."
मग बसलो. त्याने काटक्या पुढे सारल्या, माझ्यासाठी.
त्याच्या गावचा रस्ता अकरा दिवस बर्फाखाली आहे,
घरी चौथा महिना चालू आहे,
डॉक्टर डोंगराच्या पलीकडे.
"तुमच्या पेपरात येतं काय तिकडचं?"
मी म्हटलं, आमची आवृत्ती खेडला संपते.
त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं.
थोड्या वेळाने विचारलं, आज इथे किती आहे?
सांगितलं.
त्याने फोन लावला, कड्यावर चढून, दोनदा तुटला,
तिसऱ्यांदा तो आकडा तिला सांगितला,
आणि ती तिकडे इतकी हसली
की मला खाली धुरात बसून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी छापून आलं : पारा ८.७ वर.
आकडे उलटे झाले,
एका रात्रीत दापोली नऊ दशांश अंशांनी ऊबदार झाली.
मिसाळ म्हणे, तरीच काल मला उकडत होतं.
पवारचा फोन : "तुम्हाला सांगून काय उपयोग?
आज सात पॉइंट चार. नीट लिहा."
आणि चारातले दीडच सेंटिमीटर लागले होते,
मोहोराची ओळ तेवढी शाबूत.

दुपारी नरबहादूर बाजाराला उतरला होता, दुकानात आला.
बातमीवर बोट फिरवत
एकेक अक्षर सोडवून वाचली,
लिपी तीच, त्यामुळे अडला फक्त 'गारठली'वर.
"पाठवायचीय," म्हणाला. "एक कॉपी."
पैसे घेतले नाहीत.
कागद मशीनमधून निघाला तेव्हा गरम होता.
त्याने तो लगेच घडी घातला नाही,
आधी गालाला लावला.